नरक्या, सोनघंटा आणि एक अपूर्ण ग्रंथ : पुणे परिसराच्या वनस्पतिशास्त्रातील मैत्रीचा पत्रव्यवहार

१/ मे १८३९. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर जॉन ग्रॅहम यांचे निधन झाले. वय पस्तिशीच्या आत. हुद्दा मुंबईच्या डेप्युटी पोस्टमास्टर जनरलचा. सरकारी छापखान्यात त्यांच्या ग्रंथाची छपाई सुरू होती : मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सूची. दोनशे पृष्ठे छापून झाली होती. पुढची पृष्ठे हस्तलिखितातच होती.

२/ तरीही ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. जोसेफ निम्मो या मित्राने उरलेला भाग पूर्ण केला आणि मुखपृष्ठावर नाव ग्रॅहम यांचेच राहू दिले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची ही पहिली मोठी छापील नोंद. पुण्याच्या परिसरात वनस्पतिशास्त्र कसे रुजले, हे समजून घ्यायचे तर या दोन मित्रांपासून आरंभ करावा लागतो.

३/ या विषयाचा इतिहास बहुधा तीन ग्रंथांच्या पायऱ्यांनी सांगितला जातो : १८३९ ची ग्रॅहम यांची सूची, १८६१ चा डॅल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' आणि १९०१ ते १९०८ या काळात निघालेला थिओडोर कुक यांचा महाग्रंथ. पायऱ्या खऱ्या आहेत. मात्र त्या ज्या चुन्याने जोडल्या गेल्या तो चुना म्हणजे पत्रे, आणि त्या पत्रांमागची मैत्री. ती वगळली की हा इतिहास केवळ सनावळी उरतो. शिवाय या मैत्रीच्या वर्तुळात कोण होते आणि कोण दाराबाहेर उभे होते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्नही त्याबरोबर विसरला जातो.

४/ प्रथम काळ लक्षात घ्यावा. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली. त्या पिढीत वनस्पतिशास्त्र हा फार थोड्यांचा पगारी पेशा होता. ग्रॅहम टपाल खात्यात, अलेक्झांडर गिब्सन शल्यवैद्य, निकोल डॅल्झेल जकात खात्यात, जॉन सदरलँड लॉ मुलकी सेवेत. दिवसभर कचेरी आणि उरलेल्या वेळात डोंगर. अशा माणसाला आपल्या हातातले फूल नवे आहे की कोणी आधीच वर्णिलेले आहे, हे एकट्याने ठरवता येत नसे. ग्रंथालय दूर, तुलनेसाठी वाळलेले नमुने त्याहून दूर. उत्तर मिळण्याचा मार्ग एकच : ज्याच्याकडे नमुने आहेत त्याला पत्र लिहिणे.

५/ इंग्लंडमध्येही चित्र फारसे निराळे नव्हते. केशराच्या कुळातील क्रोकस या फुलांचे उदाहरण बोलके आहे. क्रोकसवर पहिला गंभीर अभ्यास करणारे विल्यम हर्बर्ट हे मँचेस्टरचे डीन, म्हणजे धर्मगुरू. त्यांचा क्रोकसचा इतिहास १८४७ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, जॉन लिंडली यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. पुन्हा तीच गोष्ट : एकाचा मृत्यू आणि दुसऱ्याने हातावेगळे केलेले काम. पुढे १८८६ साली क्रोकसवर भव्य सचित्र ग्रंथ काढणारे जॉर्ज मॉ हे तर फरशा बनवणारे कारखानदार. १८७१ साली ते जोसेफ हूकर यांच्याबरोबर मोरोक्कोच्या मोहिमेवर गेले होते.

६/ कंदवर्गीय फुलांभोवतीच अशी मैत्री का जमली असावी? उत्तर अगदी व्यावहारिक आहे. कंद झोपतो. पाने सुकली की क्रोकसचा किंवा लिलीचा कंद कित्येक आठवडे मातीवाचून, पाण्यावाचून राहतो. कागदात गुंडाळून, कोरड्या वाळूत ठेवून तो जहाजाने पाठवता येतो. आंब्याचे रोप असे पाठवता येत नाही. त्यासाठी वॉर्ड यांची काचपेटी लागते, डेकवर जागा लागते आणि खलाशांची मेहेरबानी लागते. कंद मात्र पत्रासारखा प्रवास करतो. पोचल्यावर तो मित्राच्या बागेत दरवर्षी फुलतो आणि दरवर्षी आठवण करून देतो. वाळलेल्या नमुन्याला हे साधत नाही.

७/ आणि येथेच क्रोकसचे हर्बर्ट महाराष्ट्राला भेटतात. १८४२ साली त्यांनी 'क्रायनम ब्रॅकिनेमा' या पांढऱ्या, सुगंधी कंदफुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. नावाचा अर्थ 'आखूड तंतूंचे', कारण त्याचे पुंकेसर आखूड असतात. ही वनस्पती महाबळेश्वरच्या परिसरातली. जगात अन्यत्र जवळजवळ नाहीच. पावसाच्या तोंडावर उमलणाऱ्या या फुलाला नाव देणाऱ्या हर्बर्ट यांनी सह्याद्री पाहिलेला नव्हता.

८/ याच क्रायनम कुळातल्या हर्बर्ट यांच्या संकरांचे प्रयोग चार्ल्स डार्विन यांनी पुढे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात आधाराला घेतले. त्याची सुरुवातही पत्रातूनच झाली होती : १८३९ साली डार्विन यांनी आपले प्रश्न गुरू हेन्स्लो यांच्यामार्फत हर्बर्टकडे पाठवले होते. मधल्या माणसाकरवी ओळख, मग प्रश्न, मग उत्तर. ग्रॅहम, लॉ, गिब्सन यांची रीत हीच होती.

९/ आता पुण्याकडे. आज दापोडी म्हटले की लोणावळा लोकलचे स्थानक आठवते. पेशवाईच्या अखेरीस तेथे कॅप्टन फोर्ड यांचा तळ आणि बंगला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ती जागा सरकारसाठी घेतली आणि १८२० च्या दशकाच्या अखेरीस तेथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. विल्यमसन, मग लश, मग १८३८ पासून गिब्सन असे अधीक्षक झाले. गिब्सन यांनी जुन्नरजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची दुसरी बागही वाढवली. इंग्रजी कागदपत्रांत दापोडीचे 'दापुरी' झाले आणि त्याच नावाने ते युरोपच्या वनस्पतिशास्त्रात पोचले.

१०/ पत्र म्हणजे नुसता कागद नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात सह्याद्रीत नमुना वाळवणे हे दिव्यच. फूल टिपकागदात दाबायचे, कागद ओला झाला की बदलायचा, पुन्हा दाबायचा. हवा दमट राहिली तर शेगडीची ऊब द्यायची. इतके करून एका रात्रीत बुरशी धरली की सारे वाया. मग त्या नमुन्याला चिठ्ठी : जागा, महिना, फुलाचा रंग, स्थानिक नाव. रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो लिहावाच लागे. केप ऑफ गुड होपला वळसा घालणाऱ्या जहाजाने हे गाठोडे गेले तर चार-पाच महिने, उत्तराला तितकेच. एका प्रश्नाला एक वर्ष. सुएझच्या वाटेने आगबोटी धावू लागल्यावर हा काळ बराच आखडला, पण कोणत्याही अर्थाने ही घाईची मैत्री नव्हती.

११/ वर्षभराने येणाऱ्या उत्तरावर विसंबून काम करायचे, तर पलीकडच्या माणसावर विश्वास असावा लागतो : तो नमुना हरवणार नाही, शोध स्वतःच्या नावावर खपवणार नाही, आणि नवे असेल तर पाठवणाऱ्याचे ऋण मान्य करील. हे ऋण मान्य करण्याची एक ठरलेली रीत होती. मित्राचे नाव वनस्पतीला देणे.

१२/ ग्रॅहम यांनी निम्मोंना दोन वनस्पती दिल्या. एक एरिनोकार्पस निम्मोनी, म्हणजे जंगली भेंडी. पिवळ्या मोठ्या फुलांचा, पश्चिम घाटापलीकडे न आढळणारा लहान वृक्ष. दुसरी आज नोथापोडायटिस निम्मोनियाना या नावाने ओळखली जाते. सह्याद्रीतील लोक तिला नरक्या म्हणतात. फुलांना दुर्गंध येतो. नाव तेथूनच आले असावे. मित्राला दुर्गंधी झाड बहाल करण्यात थोडी थट्टा होती की काय, असा मोह होतो. पण झाडाचे पुढे काय झाले ते पाहता थट्टा मागे पडते.

१३/ १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्ध गुणकारी ठरलेले द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे त्याच्यापासून बनतात. काही वर्षांतच, १९७२ साली, तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले. त्यानंतर घाटातल्या जंगलांतून नरक्या इतका तोडला गेला की त्याची तस्करी हा वनखात्याच्या कारवाईचा नेहमीचा विषय झाला. ग्रॅहम-निम्मो यांच्या मैत्रीचे हे स्मारक आज कुऱ्हाडीखाली आहे आणि त्याच वेळी कुणा रुग्णाच्या शिरेतून वाहते आहे.

१४/ सगळ्यांचे नाव इतके टिकले नाही. लॉ यांच्या नावाने 'लॉइया' हे कुळ स्थापन झाले होते : ओढ्याच्या खडकांना चिकटून वाढणारी शेवाळासारखी वनस्पती. पुढे ती डॅल्झेल यांच्या नावाच्या 'डॅल्झेलिया' या कुळात विलीन झाली. एका मित्राच्या नावाने दुसऱ्याचे नाव गिळले. लॉ यांच्यासाठी सेरोपेजिया लॉइआय ही खर्पुडी उरली. हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात जाणाऱ्यांपैकी फुले ओळखणारे तिला शोधतात. तिच्या नावातला लॉ कोण, हे विचारणारे थोडे.

१५/ १८६१ साली भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून 'बॉम्बे फ्लोरा' निघाला. गिब्सन १८४७ पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते. त्यांच्यानंतर ते पद डॅल्झेल यांच्याकडे गेले. गिब्सन यांनी जंगलतोडीमुळे कोकणातील झरे आटतात असे सरकारला वारंवार लिहिले. याबद्दल त्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्याच धोरणाने डोंगरातल्या कुमरी शेतीवर निर्बंध आले, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे. वनस्पतींचा मित्र हा त्या वनस्पतींमध्ये राहणाऱ्या माणसांचा मित्र असतोच असे नाही.

१६/ डॅल्झेल यांच्या नावावरची सर्वांत प्रसिद्ध नोंद म्हणजे फ्रेरिया इंडिका. मराठीत शिंदळ माकुडी. जुन्नर परिसरातील ही मांसल पानांची, तांबड्या ताऱ्यासारख्या फुलांची दुर्मीळ वनस्पती. शिवनेरीच्या कड्यांवर ती आजही आहे. डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकाच्या मध्यावर तिचे वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि संपूर्ण कुळाला सर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले.

१७/ फ्रियर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते (१८६२ ते १८६७) आणि डॅल्झेल त्यांच्या हाताखालचे वनाधिकारी. दोघांचीही पूर्वीची सेवा सिंधमध्ये झाली होती; ओळख जुनी असणे शक्य आहे. तरीही निम्मोंना दिलेले झाड आणि गव्हर्नरला दिलेले झाड यांत फरक करायला हवा. पहिले ऋणाची परतफेड आहे, दुसरे नजराणा. नामकरणाच्या चलनात खरी नाणी होती तशी मर्जीसाठी पाडलेलीही होती. त्यांना सरसकट 'मैत्री' म्हणणे हा इतिहासाला दिलेला गुळगुळीतपणा होय.

१८/ या नजराण्याला एक विचित्र शेवट आहे. फ्रियर यांच्याच कारकिर्दीत गणेशखिंडीत नवे राजभवन बांधायला घेतले गेले, त्याचा खर्च लंडनपर्यंत गाजला आणि दापोडीची मालमत्ता १८६५ च्या सुमारास विकली गेली. ज्या गव्हर्नरच्या नावे पुणे जिल्ह्यातल्या वनस्पतीचे कुळ स्थापन झाले, त्याच्याच काळात पुण्याचे वनस्पती उद्यान हातचे गेले. (राजभवनाची ती इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.) अलीकडे रेणवीय अभ्यासानंतर शास्त्रज्ञांनी फ्रेरिया हे कुळच बाउसेरोसियात विलीन केले. गव्हर्नर आता कुळ नाहीत. बाउसेरोसिया फ्रेरेई या नावातील शेपूट तेवढे उरले आहेत.

१९/ दापोडीतले आणखी एक मौन याहून जड आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी तेथील वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नॉल्टी यांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच ज्ञात आहे. त्याचे नाव कुठेही नाही. त्याने पाकळीवरची शीर अचूक टिपली. ज्याने पगार दिला त्याला त्याचे नाव टिपण्याची गरज वाटली नाही. पत्रव्यवहार करणारा मित्र असतो. चित्र काढणारा नोकर. त्या काळाची ही विभागणी होती, आणि 'व्हिक्टोरियन वैज्ञानिक मैत्री' हा शब्दप्रयोग भाबडेपणाने वापरणाऱ्यांनी ती डोळ्यांआड करू नये.

२०/ पुढचा अध्याय गणेशखिंडीचा. १८७३ च्या सुमारास तेथे नवे वनस्पती उद्यान उभे राहिले आणि जॉर्ज मार्शल वुड्रो त्याचे अधीक्षक झाले. वुड्रो हे हाडाचे माळी. त्यांचे भारतातील बागकामावरचे पुस्तक अनेक आवृत्त्यांतून खपले. दुसरे थिओडोर कुक, आयर्लंडचे. रेल्वेचे अभियंते म्हणून आले आणि १८६५ ते १८९३ पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे पुढच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, प्राचार्य राहिले. आज सीओईपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत एकेकाळी पश्चिम भारताचा वनस्पतिसंग्रह वाढत होता, हे तेथून बाहेर पडणाऱ्या किती अभियंत्यांना ठाऊक असेल?

२१/ १८९० साली बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा पश्चिम भारताची जबाबदारी पुण्याच्या याच महाविद्यालयाकडे आली. पुण्याहून क्यूला पुडकी जात, क्यूहून नावे येत. वुड्रो यांच्या महाबळेश्वरच्या एका क्रायनमला क्यूच्या जॉन गिल्बर्ट बेकर यांनी 'क्रायनम वुड्रोई' हे नाव दिले. बेकर हे क्रोकसचेही जाणकार. केशरकुळावरचे त्यांचे इंग्रजी हस्तपुस्तक १८९२ चे. हर्बर्टनंतर अर्ध्या शतकाने क्रोकसचा आणखी एक अभ्यासक महाबळेश्वरच्या कंदाला नाव देत होता. त्यानंतर ही वनस्पती दीर्घकाळ कुणाच्या दृष्टीस पडली नाही. चालू शतकात पुण्याच्या अभ्यासकांनी ती सातारा जिल्ह्यात पुन्हा शोधून काढली.

२२/ कुक १८९३ साली निवृत्त होऊन क्यूला गेले आणि तेथे बसून त्यांनी आपला 'फ्लोरा' लिहिला. त्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीखाली स्थळ आणि संग्राहकाचे नाव येते. नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर त्याचा अर्थ : हा नमुना लेखकाने स्वतः पाहिला आहे. स्टॉक्स!, लॉ!, वुड्रो! आणि त्याच रांगेत, त्याच टाइपात, कानिटकर! आणि भिवा!

२३/ हे उद्गारचिन्ह फार बोलके आहे. क्यूच्या टेबलावर वाळलेली फांदी उघडी पडली होती आणि तिच्या चिठ्ठीवर भिवाचे नाव होते, याची ती खूण. दापोडीच्या चित्रकारापेक्षा भिवा भाग्यवान म्हणायचा. पण नीट पाहावे : कानिटकरांना आडनाव आहे, भिवाला फक्त हाक मारण्याचे नाव. महाविद्यालयाच्या पायरीवर कोण कुठे उभे होते, हे एका शब्दाने उघड होते. शास्त्रीय ग्रंथाने जातीची वा वर्गाची नोंद कधी केली नाही. ती आपोआप झाली.

२४/ आणि तरीही चित्र एकरंगी नाही. १८९४ साली क्यूच्या बुलेटिनमध्ये एका नव्या झुडपाचे वर्णन आले : अब्युटिलॉन रानडेई. आंबा घाटातील वनस्पती, घंटेसारखी लोंबणारी फुले, मराठीत सोनघंटा. वर्णनकर्ते दोघे, पुण्याचे वुड्रो आणि क्यूचे ओटो स्टाप्फ. नाव कुणा साहेबाचे नव्हे, तर पुण्याच्या संग्रहासाठी डोंगर तुडवणाऱ्या रानडे यांचे. ते गव्हर्नर नव्हते, त्यांच्या हाती कुणाची बढती नव्हती. त्यांना झाड देऊन वुड्रोंना काहीही मिळणार नव्हते. निम्मोंच्या नरक्यानंतर या साऱ्या इतिहासातले निखळ नाणे कोणते, असे विचारले तर सोनघंटेकडे बोट दाखवावे.

२५/ मुंबईत तर या सुमारास वर्तुळ आणखी रुंदावले होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईच्या बाजारातील औषधींची त्यांची सूची १८७९ ची. नंतर डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आले, ज्यांचा बसूंबरोबरचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ आजही संदर्भाला उघडला जातो. ही मंडळी कुणाची संग्राहक नव्हती. एकाच मेजाभोवती बसणारे, मतभेद करणारे सहकारी होते. वुड्रो यांची पश्चिम भारताची वनस्पतिसूची याच संस्थेच्या नियतकालिकातून क्रमशः निघाली.

२६/ आता वर्तमानाचा प्रश्न. वनस्पतींची वसाहतकालीन नावे बदलावीत, अशी मागणी जगभर होते आहे. २०२४ च्या माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आफ्रिकेतील लोकांना अपमानास्पद ठरणारी एका शब्दावर आधारलेली नावे दुरुस्त करण्याचा निर्णय घेतला. तो उचितच होता. पण फ्रियर, गिब्सन, डॅल्झेल यांची नावे पुसण्याने पुण्याच्या इतिहासाला काय मिळेल? फ्रेरेई हे नाव राहिले, म्हणूनच गव्हर्नरच्या मर्जीची गोष्ट सांगता येते. नाव पुसले की पुरावाही जातो. शिवाय त्याच नियमाने रानडेईलाही उद्या हात लागेल.

२७/ मग करावे काय? क्यूने संचालकांना आलेली पत्रे बांधून, जपून ठेवली. त्यांची छायाचित्रे आज घरबसल्या पाहता येतात. त्यामुळे या मैत्रीचा इतिहास ज्याच्याकडे पत्रे पोचली त्याच्या बाजूने लिहिला जातो, पाठवणाऱ्याच्या बाजूने क्वचित. पाठवणाऱ्याची बाजू पुण्यात आहे. कोरेगाव रस्त्यावर १९५५ साली सुरू झालेल्या बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रात जुन्या संग्रहाचे नमुने आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या हीच ती पत्रे. कोणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या घाटात, कोणत्या स्थानिक नावासह काय गोळा केले, याची संग्राहकनिहाय सूची करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते करावे म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. भिवाने किती नमुने आणले? कात्रजचे किती, खंडाळ्याचे किती? हे मोजता येते.

२८/ आणि उद्यानांतल्या पाट्या. गणेशखिंडीच्या बागेला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे, आणि पुण्यातल्या कोणत्याही बागेत, झाडाखाली लॅटिन नाव, मराठी नाव आणि कुळ लिहिलेले असते. त्याखाली एक ओळ अधिक लिहायला किती खर्च येतो? 'निम्मोनियाना : मित्राचा अपुरा ग्रंथ पूर्ण करणाऱ्या जोसेफ निम्मो यांच्यावरून.' 'रानडेई : पुण्याच्या वनस्पतिसंग्रहाचे संग्राहक रानडे यांच्यावरून.' शाळेची सहल घेऊन येणाऱ्या शिक्षकाला एवढी ओळ पुरते. पुढचे प्रश्न मुले स्वतः विचारतात.

२९/ कुक यांच्या ग्रंथाचा अखेरचा भाग १९०८ साली निघाला आणि १९१० साली ते वारले. १९५८ साली बोटॅनिकल सर्व्हेने तो ग्रंथ पुनर्मुद्रित केला, तेव्हा उद्गारचिन्हे जशीच्या तशी राहिली. आजही सह्याद्रीत एखादी वनस्पती हरवली की अभ्यासक तोच ग्रंथ उघडतात, स्थळाचे नाव वाचतात आणि त्या घाटात जातात. कधी वुड्रोच्या खुणेने, कधी भिवाच्या.